कपाटात न गेलेलं विमान

मी विमान बोलतोय. पाण्यावर उतरणारं, दोन इंजिनांचं, होडीसारख्या पोटाचं समुद्रविमान. हातभर लांबीचं प्लास्टिकचं खेळणं आणि ऐट बघा, असं कुणी म्हणेल. खेळणं म्हणू नका. खेळण्याशी पोरं खेळतात. माझ्याशी तीन म्हातारे खेळायला बसले होते, आणि त्यांचा खेळ एवढाच की डबा उघडायचा, वास घ्यायचा, नावं ठेवायची आणि कपाटात कोंबायचं. त्यातून मी कसा सुटलो ते सांगतो. सांगताना थोरामोठ्यांचा मान राखला जाईलच असं नाही. मान राखत बसलो असतो तर आज कपाटातच असतो.

माझा जन्म पोलादी साच्यात झाला. वितळलेलं करडं प्लास्टिक धाडकन आत घुसलं, अंधारात इवल्याइवल्या फटींत पसरलं आणि गार झालं. साचा उघडला तेव्हा मी अख्खा नव्हतोच. पंख एका फ्रेमवर, पोट दुसरीवर, पंखे तिसरीवर. वेलाला शेंगा लटकाव्यात तसा मी तुकड्यातुकड्याने लटकत होतो. माझ्या डाव्या इंजिनाला उजवं इंजिन कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं.

मग आम्हाला डब्यात भरलं आणि डब्याच्या झाकणावर माझं चित्र होतं. काय चित्र होतं ते. खवळलेला समुद्र, काळे ढग, आणि लाटा चिरत उतरणारा मी. मला स्वतःचाच हेवा वाटला.

गोदामात डब्यांची कुजबुज चालायची. कुणी म्हणायचं, टेबलावर गेलास तर विमान होशील, कपाटात गेलास तर डबाच राहशील. एका चेपलेल्या डब्याने तिसरी गत सांगितली: "दोष काढून परत पाठवलं, तर दळतात. दाणे करून पुन्हा वितळवतात. मग बादली." बादलीशी माझं वैर नाही. पण समुद्रावर उतरायचं ठरवलेल्याने नळाखाली उभं राहायचं, हे मनाला पटेना.

एका रविवारी सकाळी मी अण्णांच्या घरी पोचलो.

अण्णा जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, आता दुसऱ्यांची विमानं मोजतात. त्यांचे दोन दोस्त. एक दातांचे डॉक्टर, सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात. दुसरे नळाच्या सामानाचे दुकानदार, त्यांचं नाव पडलंय भावकाका, कारण कुठलीही वस्तू दिसली की त्यांचा पहिला प्रश्न "कितीला" आणि दुसरा "एवढ्याला?"

या तिघांची रीत अशी. जोडायच्या विमानाचं नवं किट बाजारात आलं की वर्गणी काढून एक मागवायचं. अण्णांच्या टेबलावर त्याची परीक्षा घ्यायची. पास झालं तर तिघांनी आपापलं एकेक घ्यायचं. नापास झालं तर दोष दाखवून परत करायचं, आणि विक्रेत्याने नाही घेतलं तर अण्णांच्या कपाटात टाकायचं. गंमत अशी की पास झालेलीही कपाटातच जायची. हुशार आणि ढ, सगळे एकाच कपाटात. शाळा-कॉलेजात तरी वेगळं काय होतं म्हणा.

यावेळी मात्र वर्गणीत चौथा वाटा होता, बारकीचा. बारकी अण्णांची धाकटी मुलगी. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं आणि गाड्यांवर चिकटवायची अक्षरं कापणाऱ्या दुकानात कामाला लागली. घरी पाहुणे आले की अण्णा सांगतात, "सध्या जरा थांबलीय." बारकी तिथेच सांगते, "थांबले नाही, सोडलं." मग चहा न घेताच पाहुण्यांना कामं आठवतात.

मी महाग होतो, हे लपवत नाही. तिघांच्या वर्गणीत बसत नव्हतो. म्हणून अण्णांनी लेकीला विचारलं, आणि लेकीने अट घातली.

"पास झालं तर हे मी बांधणार. हेच. टेबलावर, तुमच्यासमोर."

"पास झालं तर," अण्णा म्हणाले.

"आणि मध्येच सोडलंस तर?" भावकाका हसत म्हणाले. "तुझा काही नेम नाही बाई."

बारकीने वाटा ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. मी डब्यात धडधडत होतो. पास झालो तर टेबल, नापास झालो तर बादली. तिचंही माझ्यासारखंच होतं. लहानपणापासून त्या कपाटातल्या एकाही डब्याला तिला हात लावू दिला नव्हता. "मोठी झालीस की आपण दोघं मिळून करू," असं अण्णा म्हणायचे. ती मोठी झाली. अण्णा कपाटाची किल्ली अजून खिशात घेऊन हिंडतात.

झाकण उघडलं.

"वास घ्या," अण्णा म्हणाले, आणि तिन्ही नाकं माझ्या अंगावर आली.

"नवा साचा," डॉक्टर म्हणाले. "जुन्याला हा वास येत नाही."

"वासाचे वेगळे लावलेत का?" भावकाकांनी विचारलं.

डॉक्टरांनी दात तपासायचं टोकदार हत्यार खिशातून काढलं आणि माझ्या अंगावरचे रिवेट एकेक करून टोचत सुटले. मला गुदगुल्या होत होत्या. "हे बघा. दाराची फट बघा. केस जाणार नाही. माझ्या कवळ्यासुद्धा इतक्या चोख बसत नाहीत."

"ते माझ्या तोंडाला विचारा," भावकाका म्हणाले. कवळी त्यांनी डॉक्टरांकडूनच घेतली होती.

मग भावकाकांनी आपली परीक्षा सुरू केली. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला आणि माझ्या फ्रेमा त्यावर ठेवल्या. आतून बारकीची आई म्हणाली, "त्यावर मला पीठ तोलायचंय हं."

"दोनच मिनिटं, वहिनी." त्यांनी काटा बघितला आणि कपाळाला हात लावला. "या भावात पितळेचा नळ येतो. जन्मभर गळणार नाही असा."

"मग नळ उडवा," बारकी म्हणाली.

डॉक्टर खो खो हसले. अण्णांनी पट्टी काढली. विमानांच्या जाड पुस्तकातलं माप बघून पंख मोजला. बरोबर. त्यांना बरं वाटलं नाही. मग दुसऱ्या टोकाकडून मोजला, उलटं मोजलं की चूक सापडेल अशा आशेने. तरी बरोबर. खिडक्यांचं पारदर्शक प्लास्टिक त्यांनी पुस्तकावर धरलं आणि त्यातून वाचलं. अक्षर न अक्षर स्वच्छ.

आणि मग हळूहळू म्हाताऱ्यांना चढायला लागली. मी बघितलंय, मी साक्षीदार आहे. डॉक्टर इंजिनाचे तुकडे जुळवत उभे राहिले, बसायचं विसरले. भावकाका किंमत विसरले. अण्णांनी माझ्या पोटाच्या दोन बाजू फ्रेमसकट एकमेकींवर ठेवून रबराने बांधल्या, वर पंखाची फ्रेम धरली, आणि मला टेबलावरून खिडकीपर्यंत उडवत नेलं. जन्मात पहिल्यांदा मी एका जागी गोळा झालो होतो. अण्णांच्या तोंडून "घूंऽऽ" असा आवाज निघत होता, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"अण्णा," बारकी म्हणाली, "तुम्हाला आवाज काढता येतो?"

अण्णा चपापले. मला खाली ठेवून म्हणाले, "अंघोळ राहिली."

अंघोळ ही त्यांची शेवटची परीक्षा. साच्यातून निघताना आमच्या अंगाला तेलकट थर राहतो. तो कोमट पाण्याने, साबणाने धुवावा लागतो, नाहीतर रंग धरत नाही. हे काम अण्णा कुणाला करू देत नाहीत. पंखांची फ्रेम घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. तिथे तेव्हा कुणी नव्हतं. पण डोक्यात घूं चालू होतं. बेसिनमध्ये तसराळं ठेवलं, मला त्यात ठेवलं, साबण टाकला, आणि शेजारी शेगडीवर उकळत असलेली किटली उचलून सरळ ओतली. गार पाणी नाही, बोट घालून बघणं नाही. खळखळतं पाणी, थेट.

काय सांगू. माझा डावा पंख आधी थरथरला, मग मऊ पडला, मग कुत्र्याच्या शेपटासारखा वर वळला. मी ओरडलो. प्लास्टिकचं ओरडणं माणसांना ऐकू येत नाही, ही आमच्या जातीची मोठी अडचण आहे.

अण्णांनी ते बघितलं. नीट बघितलं. त्यांनी मला घाईघाईने बाहेर काढलं, जाड टॉवेलात गुंडाळलं आणि तिथेच उभे राहिले. मला वाटलं, आता बाहेर जाऊन म्हणतील, अरे, माझ्या हातून घोटाळा झाला. सोपं वाक्य आहे. लहान मुलं दिवसातून चारदा म्हणतात, कारण म्हटलं नाही तर धपाटा बसतो. मोठं झालं की धपाटा घालणारं कुणी उरत नाही, आणि वाक्यही जिभेवरून जातं.

अण्णा बाहेर आले, टॉवेल उघडला आणि म्हणाले, "पंख वाकडा आहे."

"काय सांगता?" डॉक्टर उठले.

"धुताना लक्षात आलं. मुळातच वाकडा. साच्यात दोष."

आणि खरं सांगतो, मला पंखाचं दुखलं नाही इतकं पुढचं दुखलं. दोघांचे चेहरे उजळले. मघापासून जीव टांगणीला लागला होता त्यांचा. एवढं सुंदर, एवढं महाग, आणि त्यात खोट नाही, म्हणजे आता विकत घ्यावं लागणार, बांधावं लागणार. खोट निघाली. सुटलो.

"मला वाटलंच होतं," भावकाका म्हणाले. "एवढी किंमत लावली तेव्हाच संशय आला मला."

"नुसता देखावा," डॉक्टर म्हणाले. मघाशी कवळीचं कौतुक विसरून माझं कौतुक करणारे हेच.

"परत करू. दोष आहे म्हटल्यावर पैसे पुरते येतील. तुकडा अजून फ्रेमवरच आहे, तेव्हा त्यांना नाही म्हणता येणार नाही." अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. "बारके, तुझा वाटा मिळेल तुला."

"बरंच झालं," भावकाका म्हणाले. "अर्धवट राहिलं असतं बिचारं. कॉलेजसारखं."

बारकीने हात पुढे केला. "बघू."

"त्यात काय बघायचं? दिसतंय की," अण्णा म्हणाले. पण तिने फ्रेम घेतली होती.

आता माझी पाळी होती. मला तोंड नाही, हात नाही, रागाने आपटायला पाय नाहीत. माझ्यापाशी एकच गोष्ट होती. टॉवेलाच्या घडीत राहिलेली उकळत्या पाण्याची ऊब अजून माझ्या अंगात होती. ती मी जीव खाऊन धरून ठेवली. तिचा अंगठा माझ्या वाकड्या पंखावर आला आणि तिथेच थांबला.

"हा गरम कसा?"

अण्णांनी टॉवेलाची घडी घालायला घेतली.

"कारखान्यातून कधी निघाला असेल हा. अजून गरम?"

"उन्हात होता," अण्णा म्हणाले.

"बेसिनवर कुठलं ऊन?"

चूक सापडली की मोठा माणूस आधी रागावतो. तोच नियम अण्णांनी पाळला. "बापाला खोटं ठरवतेस? चार लोकांत?"

"मी नाही ठरवत. तुम्ही हात लावून बघा." तिने फ्रेम डॉक्टरांपुढे धरली. डॉक्टरांनी बोट लावलं, पटकन काढलं, आणि छताकडे बघत म्हणाले, "आहे खरा कोमट."

तेवढ्यात आई दारात आली. "चहासाठी ठेवलेलं किटलीतलं पाणी कुणी पळवलं? मी तुमच्यासाठीच उकळत ठेवलं होतं."

मला हसू आवरेना. सगळा खटला किटलीने निकालात काढला.

अण्णा खुर्चीत बसले. तरी भावकाका तयारच होते. "झालं ते झालं. चूक माणसाकडूनच होते. पण आता पंख वाकडा तो वाकडाच. परत पाठवून टाकू. कंपनीला काय, दर्या में खसखस. त्यांना थोडंच कळणार आहे."

"मला कळलंय की," बारकी म्हणाली.

"तू गप्प बसलीस तर प्रश्नच नाही."

"काका, मी कॉलेज अर्धवट सोडलं. मान्य. सगळ्या गल्लीला मान्य. पण निदान सुरू तरी केलं होतं." तिने अण्णांपुढे हात पसरला. "किल्ली द्या."

अण्णांनी का दिली, मला अजून कळलेलं नाही. बहुतेक नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. तिने कपाट उघडलं.

खालपासून वरपर्यंत डबे. बॉम्बफेकी, मालवाहू, एकपंखी, दुपंखी. झाकणांवर वादळं, ढग, तेजस्वी सूर्य, आणि आत सगळे तुकडेच तुकडे. जन्मतःच म्हातारे झालेले. तिने एक डबा काढून टेबलावर पालथा केला. खिडक्या पिवळ्या पडल्या होत्या. पाण्याने चिकटवायची अक्षरं बोट लागताच पापुद्र्यासारखी तुटली. गोंदाची नळी दगड झाली होती. बारकीने ती टेबलावर टकटक वाजवली.

"हे मी दवाखाना उघडला तेव्हा घेतलं होतं," डॉक्टर हळूच म्हणाले. "पास झालं होतं. पैकीच्या पैकी."

"दवाखाना मुलाच्या हाती दिलात तुम्ही," आई म्हणाली. "या घरात एवढी विमानं आली. एकसुद्धा आपल्या पायावर उभं राहिलेलं मी बघितलं नाही. मी आपली दर आठवड्याला कपाट पुसते."

भावकाकांनी किंमत विचारली नाही, एवढं सांगितलं म्हणजे तुम्हाला कळेल.

बारकीने खिशातून कापायची छोटी पक्कड काढली. दुकानात वापरते ती. माझी फ्रेम टेबलावर सरळ ठेवली आणि पक्कड वाकड्या पंखाच्या मुळाशी लावली.

"अगं, थांब," अण्णा म्हणाले. "एकदा तुकडा सुटला की परत घेत नाहीत ते."

"म्हणूनच."

कट.

तो आवाज मी जन्मभर विसरणार नाही. चिमटीएवढा आवाज, पण त्याने बादली मेली. मी सुटलो होतो. फ्रेमपासून, डब्यापासून, पैशांच्या परतीपासून. माझा पहिला तुकडा तिच्या तळहातावर पडला होता, वाकडा, आणि मला नाचावंसं वाटत होतं.

तिने तो अण्णांपुढे धरला. "सरळ करा."

"मी?"

"वाकडा तुम्ही केलात. सरळ मी का करू?"

आईने किटली पुन्हा भरली. पाणी तापल्यावर अण्णांनी तसराळ्यात ओतलं आणि पंख बुडवायला गेले.

"आधी बोट घालून बघा," बारकी म्हणाली.

त्यांनी घातलं, आणि फुंकर मारत काढलं. "चटका बसतो गं."

"बसणारच. त्याला बसला तेव्हा विचारलंत?"

डॉक्टरांना हसू फुटलं, मग भावकाकांना, आणि शेवटी अण्णांच्याही मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी थोडं गार पाणी मिसळलं, पंखाचं टोक हळूच बुडवलं, बाहेर काढून दोन बोटांनी उलटं दाबलं, पुन्हा बुडवलं. तिघांची डोकी एकमेकांना लागत होती. डॉक्टर म्हणाले, जोर नको, दात काढत नाही आहोत. भावकाका म्हणाले, जरा डावीकडे. त्यांना नक्की काय दिसत होतं देव जाणे, पण ते मन लावून म्हणाले. पंख जवळजवळ सरळ झाला. टोक किंचित वर राहिलं. ते राहू दिलं.

पुढचे बरेच रविवार मी टेबलावर काढले. बारकीने मला जोडलं. सगळं धड झालं असं म्हणवत नाही. भावकाकांना शेपूट धरायला दिलं, त्यांच्या बोटाला गोंद होता, त्यांचा अंगठा माझ्या शेपटावर कायमचा उमटलाय. डॉक्टरांनी इंजिनाला भोक पाडलं, ते गरजेपेक्षा मोठं झालं. सवय. पण पंखांवरची अक्षरं बारकीने एकटीने लावली, श्वास धरून, आणि ती अशी बसली की जणू मी जन्मलोच ती घेऊन. मधे एक रविवार ती बसलीच नाही. कंटाळले म्हणाली. मी घाबरलो. भावकाकांनी मान डोलावून "बघा" म्हटलं. पुढच्या रविवारी ती त्यांच्याआधी टेबलावर होती.

आता मी फ्रिजवर असतो. दार जोरात लावलं की पंखे हलतात, आणि मला उडाल्यासारखं वाटतं. माझा निकाल काही लागला नाही. पास की नापास, किंमत वसूल की नाही, तो विषय पुन्हा निघाला नाही. येणारेजाणारे विचारतात, हा पंख वर का? अण्णा ठोकून देतात, "समुद्रविमानांचे पंख तसेच असतात. लाटा लागू नयेत म्हणून." खोटं बोलायची खोड गेलेली नाही त्यांची. पण आता ते बोलताना बारकीकडे बघतात, आणि ती किटली उचलून दाखवते.

तुमच्याही घरी असं एखादं कपाट असेल. डबे असतील, किंवा दुसरं काही. वास घेऊन, मोजून, नावं ठेवून नीट रचून ठेवलेलं. माझं एवढंच मागणं आहे. किल्ली द्या. तुम्हाला जमत नसेल तर ज्याला उमेद आहे त्याला द्या, आणि तो अर्धवट सोडेल म्हणून आधीच रडू नका. अर्धवट राहिलेल्याला निदान एक पंख तरी असतो.

परवा अण्णांनी कपाटातून डॉक्टरांचा तो जुना डबा काढला. झाकण उघडलं. वास घेतला. पट्टी शोधायला लागले, म्हणून मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा तेच. बारकीने नुसती पक्कड त्यांच्याकडे सरकवली.

अण्णांनी पट्टी खाली ठेवली. फ्रेम घेऊन बेसिनवर गेले. तसराळ्यात पाणी ओतलं, आणि कुणी सांगायच्या आत स्वतःचं बोट घालून बघितलं.